अँटिसायकोटिक औषधं एकाच माळेचे मणी नव्हेत

अँटिसायकोटिक, म्हणजे स्किझोफ्रेनियासारख्या भास-भ्रमांच्या आजारांवर दिल्या जाणाऱ्या औषधांबद्दल दोन वाक्यं सतत कानावर येतात. एक, ‘या गोळ्यांनी मेंदू आकसतो.’ दुसरं, ‘मेंदूला काही होत नाही, निर्धास्त घ्या.’ पहिल्या वाक्याने धास्तावलेली माणसं औषध एकाएकी सोडतात आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा भास-भ्रमांच्या तावडीत सापडतात. दुसऱ्यावर विसंबलेल्या रुग्णांचा डोस वर्षानुवर्षं कोणी तपासून पाहत नाही. दोन्ही वाक्यांत खोट एकच आहे. कोणतं औषध, किती प्रमाणात, किती काळ आणि मेंदूतल्या कोणत्या पेशींवर, हे चारही प्रश्न त्यांनी गाळलेले असतात. औषधाला मंजुरी देताना, त्याचं माहितीपत्रक लिहिताना आणि रुग्णाशी बोलताना हे प्रश्न एकेका औषधापुरते वेगळे विचारायला हवेत, आणि उत्तर शोधताना चेतापेशींइतकंच लक्ष ग्लिया पेशींकडे द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

ग्लिया म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी. त्या चेतापेशींच्या दसपट असतात असं पाठ्यपुस्तकांत बरीच वर्षं छापलं जात होतं. २००९च्या सुमारास नव्या पद्धतीने मोजणी झाली तेव्हा माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आणि जवळपास तितक्याच इतर पेशी निघाल्या. यांपैकी अॅस्ट्रोसाइट ही पेशी चेतापेशींच्या जोडांभोवतीचं जादा ग्लुटामेट (चेतापेशींना उत्तेजित करणारं रसायन) शोषून घेते, ऊर्जा पुरवते आणि कोलेस्टेरॉल बनवून देते. ऑलिगोडेंड्रोसाइट चेतातंतूंभोवती मायलिनचे, म्हणजे चरबीयुक्त आवरणाचे, वेढे घालते. मायक्रोग्लिया ही मेंदूची रोगप्रतिकारक पेशी, ती नको असलेले जोड छाटते आणि इजा झाली की रूप बदलते. औषधांची चर्चा मात्र अजूनही डोपामाइन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाच्या डी-२ रिसेप्टरपाशी (ते रसायन जिथे चिकटतं त्या पेशीवरच्या जागेपाशी) सुरू होते आणि तिथेच संपते. १९५२मध्ये क्लोरप्रोमाझिन वापरात आलं, १९५८मध्ये हॅलोपेरिडॉल तयार झालं, आणि पुढे अशा औषधांचा परिणाम या रिसेप्टरशी जोडला गेला, तेव्हा ते साहजिक होतं. आज नाही.

आधी सर्वांत वजनदार पुरावा पाहू. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अठरा निरोगी मकाक माकडांचे सहा-सहाचे तीन गट केले होते. एका गटाला हॅलोपेरिडॉल, दुसऱ्याला ओलान्झापिन आणि तिसऱ्याला नुसतं बिनऔषधी मिश्रण. औषध १७ ते २७ महिने दिलं आणि त्याचं रक्तातलं प्रमाण उपचार घेणाऱ्या माणसांत असतं तितकं राखलं. शेवटी मेंदूचं वजन दोन्ही औषधी गटांत ८ ते ११ टक्क्यांनी कमी भरलं. याच माकडांच्या पार्श्विक कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या वरच्या-मागच्या भागातल्या) पेशी पुढे मोजल्या गेल्या. चेतापेशींची एकूण संख्या घटलेली नव्हती, ग्लिया पेशी मात्र सुमारे १४ टक्क्यांनी कमी होत्या. २००८ मध्ये प्रकार वेगळे करून मोजणी झाली तेव्हा मुख्य घट अॅस्ट्रोसाइटमध्ये दिसली, सुमारे २० टक्के. ऑलिगोडेंड्रोसाइटही सुमारे १३ टक्के कमी दिसल्या, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

ही माकडं आजारी नव्हती, म्हणून इथे घट आजाराच्या माथी मारता येत नाही. हे या प्रयोगाचं बळ, आणि हीच त्याची मर्यादाही. निरोगी मेंदूत औषध जे करतं तेच ते आजारी मेंदूत करेल, याची खात्री हा प्रयोग देत नाही. शिवाय त्यात औषधं दोनच होती. क्लोझापिन नव्हतं, क्वेटियापिन नव्हतं, अॅरिपिप्राझोल नव्हतं. तरीही त्याचा हवाला देताना ‘अँटिसायकोटिकांमुळे’ असा सरसकट शब्द वापरला जातो.

आता गुंतागुंत पाहा. १९९९ मध्ये माकडांवरच्याच एका अभ्यासात पूर्वकपाळाच्या कॉर्टेक्समध्ये ग्लियाची घनता वाढलेली आढळली होती. एकीकडे वाढ, दुसरीकडे घट. मेंदूचा भाग वेगळा, कालावधी वेगळा, हे खरंच. पण यात घनता आणि संख्या यांची गल्लतही दडलेली असते, आणि ती वाचणाऱ्याच्या हमखास नजरेतून सुटते. समजा, एका तुकड्यात १०० घनएकक जागेत १०० पेशी आहेत. जागा आकसून ९० झाली आणि पेशी तितक्याच राहिल्या, तर घनता १.११ होते, म्हणजे ११ टक्के ‘वाढ’, प्रत्यक्षात एकही पेशी न वाढता. उलट पेशीही ९० झाल्या, तर घनता जिथल्या तिथे राहते आणि ‘काही बदल नाही’ असं छापलं जातं, दहा पेशी गेलेल्या असूनही. म्हणून नुसती घनता सांगणाऱ्या अभ्यासावर मत बनवू नये. त्या भागाचं संपूर्ण आकारमान मोजून, ठरावीक अंतराने काप घेऊन एकूण संख्या काढलेली असेल, तरच तुलना विश्वासाने करण्याजोगी. २०१४ मध्ये उंदरांवरच्या एका कामात कॉर्टेक्स आकसलेला आणि अॅस्ट्रोसाइटची घनता वाढलेली, असं दोन्ही एकत्र दिसलं. ते वाचताना हा हिशेब हाताशी हवा.

रंजकाचाही प्रश्न आहे. अॅस्ट्रोसाइट ओळखण्यासाठी जीएफएपी या प्रथिनाला चिकटणारा रंग वापरण्याची रीत आहे. पण निरोगी कॉर्टेक्समधल्या बऱ्याच अॅस्ट्रोसाइटमध्ये हे प्रथिन इतकं कमी असतं की त्या रंगतच नाहीत. औषधामुळे प्रथिन वाढलं की आधी न दिसणाऱ्या पेशी दिसू लागतात, आणि वाटतं की पेशी वाढल्या. पेशी ओळखायला वापरलं जाणारं दुसरं प्रथिन, एस-१००-बी, काही ऑलिगोडेंड्रोसाइटमध्येही सापडतं. दोन वेगळ्या खुणांनी मोजणी केलेली नसेल, तर आकड्यावर फार भार टाकू नये.

एकेका औषधाचा मार्ग किती वेगळा आहे, हे पेशींच्या पातळीवर उतरलं की स्पष्ट होतं. क्लोझापिनचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. उंदरांच्या कॉर्टेक्समध्ये ते अॅस्ट्रोसाइटवरचा ग्लुटामेट शोषणारा जीएलटी-१ हा वाहक कमी करतं. त्यामुळे जोडांभोवती ग्लुटामेट थोडं जास्त रेंगाळतं. क्लोझापिन अॅस्ट्रोसाइटमधून डी-सेरिनही बाहेर सोडायला लावतं, आणि डी-सेरिनशिवाय एनएमडीए हा ग्लुटामेटचा रिसेप्टर नीट चालत नाही. २०१२च्या एका प्रयोगात क्लोझापिनने हे केलं, हॅलोपेरिडॉलने केलं नाही. स्किझोफ्रेनियात एनएमडीए रिसेप्टरचं काम मंदावलेलं असतं हा विचार जुना आहे. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी काहींना क्लोझापिन उपयोगी का पडतं, याचं उत्तर डी-२ रिसेप्टरमध्ये मिळत नाही, कारण तो रिसेप्टर ते बहुतेक इतर औषधांपेक्षा सैलच पकडतं. १९८८च्या गाजलेल्या चाचणीत अशा रुग्णांपैकी ३० टक्क्यांना क्लोझापिनने फरक पडला आणि क्लोरप्रोमाझिनने फक्त ४ टक्क्यांना. उत्तराचा एखादा भाग अॅस्ट्रोसाइटमध्ये असू शकतो. तो सिद्ध झालेला नाही, पण शोधायलाच हवा असा आहे.

मायलिनच्या बाबतीत क्वेटियापिनचं काम लक्षवेधी आहे. कुप्रिझोन नावाचं, तांबं बांधून ठेवणारं रसायन उंदरांना खाद्यातून ०.२ टक्के प्रमाणात पाच-सहा आठवडे दिलं की त्यांच्या ऑलिगोडेंड्रोसाइट मरतात आणि मायलिन झडतं. खाद्य बदललं की मायलिन पुन्हा चढतं, म्हणून झीज आणि भरपाई दोन्ही तपासायला हा नमुना सोयीचा. २००८ मध्ये दिसलं की क्वेटियापिन सोबत दिलेल्या उंदरांत मायलिन कमी झडतं आणि अपरिपक्व पेशींपासून ऑलिगोडेंड्रोसाइट घडायला मदत होते. मृत्यूनंतर तपासलेल्या स्किझोफ्रेनियाग्रस्तांच्या मेंदूत मायलिनशी निगडित जनुकांचं काम घटलेलं असल्याचं २००१ पासून समोर येत आहे, म्हणून याला महत्त्व. मात्र कुप्रिझोन हा विषप्रयोग आहे, स्किझोफ्रेनिया नव्हे. ‘क्वेटियापिन मायलिन दुरुस्त करतं’ असं रुग्णाला सांगण्याइतका हा पुरावा पोहोचलेला नाही.

याच्या बरोबर उलट दिशेची गोष्ट कोलेस्टेरॉलची, आणि तिच्याकडे अक्षम्य दुर्लक्ष झालं आहे. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीरातल्या कोलेस्टेरॉलचा चौथा-पाचवा हिस्सा तिथे असतो, आणि त्यातलं बहुतेक मायलिनमध्ये. रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत शिरत नाही, ते तिथेच, मुख्यतः ग्लिया पेशींनी बनवावं लागतं. या साखळीतल्या अगदी शेवटच्या टप्प्यांपैकी एक डीएचसीआर-७ हा विकर (एन्झाइम) पार पाडतो. अॅरिपिप्राझोल आणि हॅलोपेरिडॉल हाच विकर अडवतात, आणि मग ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल हा कच्चा पदार्थ साचतो. ही औषधं घेणाऱ्यांच्या रक्तातही तो वाढलेला आढळतो. हाच विकर जन्मतः निकामी असेल तर स्मिथ-लेमली-ओपिट्झ हा गंभीर विकार होतो. प्रौढ माणसाच्या मेंदूवर थोड्या अडथळ्याचा परिणाम फारसा नसेलही. पण गरोदर स्त्रीसाठी औषध निवडताना, किंवा ज्याच्याकडे या जनुकाची एक प्रत सदोष आहे अशा माणसासाठी, हा मुद्दा डॉक्टरांसमोर असायला हवा. क्लोझापिन आणि ओलान्झापिन पेशींमध्ये चरबी बनवणारी जनुकं जागी करतात, म्हणजे त्यांचा कल वेगळ्याच बाजूला. एकाच वर्गातली औषधं एकाच साखळीला दोन वेगळ्या ठिकाणी हात घालतात, मग ‘अँटिसायकोटिकांचा मायलिनवर परिणाम’ या शब्दांना अर्थ काय उरतो?

मायक्रोग्लियाबद्दल थोडक्यात. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या मायक्रोग्लियाला इंटरफेरॉन-गॅमा या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाने चिथावलं आणि मग रिस्पेरिडोन दिलं, तर तिचा दाहक प्रतिसाद कमी होतो. त्यावरून ‘ही औषधं मेंदूतला दाह शमवतात’ असं लिहिलं गेलं. मग निरोगी उंदरांना हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन आठ आठवडे दिलं तेव्हा २०१५ मध्ये मायक्रोग्लियाची घनता वाढलेली आणि तिचा आकार चिथावलेल्या पेशीसारखा झालेला दिसला. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, कारण शांत पेशी आणि खवळलेली पेशी एकाच औषधाला वेगळा प्रतिसाद देते. दाह हेच मूळ मानून पुढे धावण्यात धोका आहे, हे २०१८ मध्ये दिसलं. मायक्रोग्लियाला आवर घालणारं मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक नव्याने आजारी पडलेल्या रुग्णांना वर्षभर दिलं, पण लक्षणांत फरक पडला नाही.

आता डोसकडे वळतो, कारण इथे सर्वाधिक गफलत होते. पेशींच्या प्रयोगांत हॅलोपेरिडॉल आणि क्लोझापिन यांची तुलना दोन्ही १० मायक्रोमोलर (रेणूंच्या संख्येवर आधारित तीव्रतेचं माप) ठेवून करण्याची सवय आहे. आकडा सारखा, म्हणून तुलना न्याय्य वाटते. हिशेब करून पाहा. हॅलोपेरिडॉलचा रेणुभार ३७५.९, म्हणजे १० मायक्रोमोलर द्रावणात मिलिलिटरमागे सुमारे ३,७६० नॅनोग्रॅम औषध असतं. उपचार घेणाऱ्याच्या रक्तात ते साधारण १ ते १० नॅनोग्रॅम असतं. म्हणजे वरची मर्यादा धरली तरी सुमारे ३७५ पट. क्लोझापिनचा रेणुभार ३२६.८, तर तेच द्रावण ३,२७० नॅनोग्रॅमचं, आणि उपचारातली पातळी ३५० ते ६०० नॅनोग्रॅम. म्हणजे पाच ते नऊ पट. हॅलोपेरिडॉल मेंदूत साठतं आणि तिथलं प्रमाण रक्ताच्या दहा ते तीस पट जातं, ही सवलत दिली तरी त्या बशीतली पेशी उपचाराच्या किमान बाराएक पट औषध झेलत असते. त्यात रक्तात सुमारे ९२ टक्के हॅलोपेरिडॉल आणि ९७ टक्के क्लोझापिन प्रथिनांना चिकटलेलं असतं, तर बशीतल्या सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) नसलेल्या द्रावणात जवळपास सगळंच मोकळं. अशा प्रयोगात हॅलोपेरिडॉलने पेशी मेल्या आणि क्लोझापिनने नाही, यावरून ‘जुनं औषध विषारी, नवं सुरक्षित’ असं ठरवणं म्हणजे हॅलोपेरिडॉलवर अन्याय आणि वाचकाची दिशाभूल.

जिवंत प्राण्यातही तीच अडचण वेगळ्या रूपात येते. माणसात हॅलोपेरिडॉल निम्मं व्हायला सुमारे एक दिवस लागतो, उंदरात दीड-दोन तास. रोज एक इंजेक्शन दिलं तर डी-२ रिसेप्टर काही तास पूर्ण व्यापलेले आणि उरलेला दिवस जवळपास मोकळे राहतात. माणसात उपचाराची पातळी म्हणजे हे रिसेप्टर अखंड ६५ ते ८० टक्के व्यापलेले. ७८ टक्क्यांच्या वर गेलं की ताठरपणा आणि कंप सुरू होतात. म्हणून उंदराच्या कातडीखाली ऑस्मोटिक पंप (औषध हळूहळू सोडणारी छोटी कुपी) बसवून औषध सतत सोडलेलं असेल, तरच तो प्रयोग माणसाच्या जवळ जातो. प्रयोग वाचताना आधी पद्धतीच्या भागात जाऊन औषध कसं दिलं ते पाहावं. रोज एक टोचणी असेल, तर निष्कर्ष राखून वाचावा.

माणसांवरचा पुरावा? २०११ मध्ये २११ रुग्णांच्या ६७४ एमआरआय तपासण्यांचा सरासरी सात वर्षांचा अभ्यास आला. औषध जास्त, तर ग्रे मॅटर (मेंदूचा चेतापेशींनी भरलेला भाग) कमी, असा संबंध त्यात दिसला. पण जास्त आजारी माणसाला जास्त औषध दिलं जातं, म्हणून कारण-परिणाम वेगळे काढणं कठीण. २०२० मध्ये यादृच्छिक चाचणी (कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणारी) आली. सायकोसिससह (भास-भ्रमांसह) नैराश्य असलेले, सर्ट्रालिन (नैराश्यावरचं औषध) आणि ओलान्झापिनवर बरे झालेले रुग्ण निवडून काहींचं ओलान्झापिन ३६ आठवडे चालू ठेवलं, काहींना त्याऐवजी बिनऔषधी गोळी दिली. बरे राहिलेल्यांत ओलान्झापिन घेणाऱ्यांच्या कॉर्टेक्सची जाडी घटली. त्याच चाचणीत, बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकी ज्यांचा आजार उलटला, त्यांच्याही कॉर्टेक्सची जाडी घटली. जाडी औषधानेही घटते आणि आजार उलटल्यानेही घटते. औषधविरोधी लेखांत पहिलं वाक्य असतं, औषधाच्या बाजूच्या लेखांत दुसरं. दोन्ही एकत्र सांगणं ही किमान प्रामाणिकपणाची अट आहे.

आणि एमआरआयवरची घट म्हणजे पेशी मेल्या असं नव्हे. एमआरआय अॅस्ट्रोसाइट मोजत नाही. उंदरांत हॅलोपेरिडॉल थांबवल्यावर आठ आठवड्यांनी आकारमान पुन्हा सावरलेलं दिसलं आहे. पेशींच्या फांद्या आखडणं, पाण्याचं प्रमाण बदलणं, यांनीही प्रतिमेतला आकार कमी होतो.

यातून औषध सोडण्याचा सल्ला निघत नाही, हे ठणकावून सांगायला हवं. ६५ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत २७ टक्के आणि बिनऔषधी गटात ६४ टक्के होतं. फिनलंडमधल्या ६२,२५० रुग्णांच्या २० वर्षांपर्यंतच्या नोंदींत अँटिसायकोटिक न घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४६.२ टक्के, कोणतंही घेणाऱ्यांत २५.७ टक्के आणि क्लोझापिन घेणाऱ्यांत १५.६ टक्के निघालं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, तरी इतका मोठा फरक झटकून टाकता येत नाही. अॅस्ट्रोसाइटच्या संख्येत होऊ शकणारी घट आणि आत्महत्या, उपासमार, पुन्हा भरती यांचा धोका यांत आज कोणता मोठा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण औषध हवं हे मान्य केलं की ‘किती’ हा प्रश्न जास्तच कळीचा होतो. दोन-तीन अँटिसायकोटिक एकत्र देण्याची सवय ग्लियाच्या दृष्टीने अंधारात चालणं आहे, कारण अशा मिश्रणाने पेशींवर काय होतं याची मोजणी हाती नाही. तीव्र झटक्यात वाढवलेला डोस झटका ओसरल्यावर तसाच पुढे चालू राहतो, ते थांबवलं पाहिजे. क्लोझापिनसारख्या औषधाची रक्तातली पातळी मोजणं नित्याचं व्हावं. धूम्रपानाने ते लवकर विघटित होतं. रुग्णाने सिगारेट सोडली की त्याच गोळ्यांवर पातळी दीडपट किंवा त्याहून जास्त चढू शकते. म्हणजे चिठ्ठीवरचे मिलिग्रॅम आणि पेशीपर्यंत पोहोचणारं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोस कमी करायचा झाला तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, चालू डोसच्या चौथ्या हिश्शाने, आणि दोन कपातींमध्ये तीन ते सहा महिने, अशी पद्धत तज्ज्ञांनी २०२१ मध्ये सुचवली आहे. डोस निम्मा केला म्हणून रिसेप्टरवरची व्याप्ती निम्मी होत नाही. वरच्या टोकाला ती जेमतेम हलते, खालच्या टोकाला एकदम कोसळते. शेवटचे काही मिलिग्रॅम म्हणूनच सर्वांत सावकाश काढावे लागतात.

नियामकांकडून मागणी साधी आहे. आयुष्यभर घ्यायच्या अँटिसायकोटिकला मंजुरी देताना किमान एका दीर्घ प्राणिप्रयोगात, पंपाने सतत औषध देऊन आणि रक्तातली पातळी दाखवून, तिन्ही प्रकारच्या ग्लियाची एकूण संख्या मागावी, नुसती घनता नव्हे. औषध थांबवल्यानंतरचा एक गट त्यात सक्तीचा असावा, म्हणजे बदल परत फिरतो की नाही हे कळेल. आज बाजारात असलेल्या जुन्या औषधांची पेटंट संपलेली आहेत, म्हणून हा खर्च कोणती कंपनी आपणहून करणार नाही. तो सार्वजनिक निधीतूनच व्हायला हवा, आणि सुरुवात क्लोझापिन, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन व अॅरिपिप्राझोल यांची हॅलोपेरिडॉलशी एकाच प्रयोगशाळेत, डी-२ची सारखी व्याप्ती राखून तुलना करून करावी. तोवर प्रत्येक माहितीपत्रकात एक ओळ तरी छापावी, की या औषधाच्या दीर्घ वापराचा ग्लिया पेशींवरचा परिणाम मोजलेला आहे की नाही, आणि मोजला असेल तर कोणत्या प्राण्यात, किती महिने आणि रक्तातल्या किती पातळीवर.